रेवाला सांगितलं, मुकुंद

मुकुंद, रेवाला मी सांगितलं. रस्त्याच्या कडेला बसून तुला शब्द दिला होता, तो मोडला. तू असतास तर चष्मा काढून पुसला असतास, "बरं" म्हणाला असतास आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी मीठ-आमटीपुरतं बोलला असतास. ते दोन दिवस मी आनंदाने काढले असते.

आज आपली लेक रेवा, जावई सौरभ आणि नात इरा त्याच रस्त्यावर आहेत. पर्थहून निघून पूर्वेकडे, नलारबोरच्या माळावर. मोटारीमागे कॅराव्हॅन, चाकांवरची ती खोली, आपण नेली होती तशीच. रेवाचा शेवटचा निरोप काल सकाळी आला: 'आता रेंज जाईल. काळजी करू नकोस.' त्यानंतर काही नाही. रेंज नसणारच. त्या माळावर आपलाही फोन असाच मुका झाला होता. पण कारण माहीत असलं की माझा जीव थाऱ्यावर राहतो असं तुला वाटत असेल, तर इतक्या वर्षांत तू मला ओळखलंच नाहीस.

मंडळाच्या अंकासाठी मला लिहायला सांगितलं आहे. "काकू, काकांवर चार पानं द्या ना. जन्म, शिक्षण, नोकरी ते आम्ही टाकू. तुम्ही तो ऑस्ट्रेलियाचा प्रवास येऊ द्या." मी हो म्हटलं. तो प्रवास तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला की कुणीतरी म्हणायचंच, "काका, एकदा ऑस्ट्रेलिया होऊन जाऊ दे!" आणि तू मांडी बदलून सुरू करायचास. रस्ता एवढा सरळ की स्टिअरिंग दोरीने बांधून झोपावं. नजर जाईल तिथवर एक झाड नाही. कड्यावर गाडी लावून, खाली समुद्र आपटत असताना 'आमच्या मेधाने' केलेलं पिठलं. आणि फळं पुढे न्यायला बंदी असलेल्या सेडुनाच्या चौकीवर माझी लिंबं जप्त झाली तेव्हा मी त्या अधिकाऱ्याला "निदान सरबत तरी करून प्या" म्हणाले, ही तुझी हुकमी जागा. लोक हसायचे. मीही हसायचे. तुझ्या त्या गोष्टीत एक दुपार नव्हती, आणि ती कुणाला माहीतच नसल्यामुळे तिच्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

आता अडलं. म्हणून ती दुपार सांगावी लागली.

आपण निघालो त्याला तीन वर्षं झाली. इरा तेव्हा पाळण्यात होती, म्हणून रेवाला येता आलं नाही. तू समुद्रावरची नोकरी सोडून इथे बंदराजवळ, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसायला लागला होतास, तरी कुठलं ना कुठलं जहाज कुठल्या ना कुठल्या बंदरातून तुला बोलावून घ्यायचंच. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पुस्तकांना नंबर लावायचे आणि संध्याकाळी आपल्या क्लेमेंटीच्या घरात दिवा लावून एकटी वाचत बसायचे. मला त्याची खंत नव्हती. हे तुला कधी पटलं नाही. तुला वाटे, मी मनात काहीतरी साठवून ठेवते आहे आणि एक दिवस ते बाहेर पडेल. म्हणून तू रजा काढलीस. "पर्थला उतरायचं, खोली मोटारीला जोडायची आणि देश संपेपर्यंत जायचं. मध्ये बंदर नाही, ऑफिस नाही. बोल, येतेस?" जणू मी नाही म्हणणार होते!

केवढीशी ती खोली! एकाने चहा करायचा तर दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. जहाजावरच्या पहाटेच्या पाळीला, वॉचला, उठायची तुझी सवय मोडली नव्हती. माझी झोप मोडू नये म्हणून तू कपांना फडकी गुंडाळून ठेवायचास, आणि मग तेच कप सोडवताना बशी पाडायचास. दाढी करताना तू गुणगुणतोस हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिथे कळलं. घरी बाथरूमचं दार बंद असे. तू चालवायचास, मी मोठ्याने वाचायचे. कादंबरीतला नायक फार कुंथायला लागला की तू म्हणायचास, "याला महिनाभर इंजिनरूममध्ये टाका. सगळं दुःख घामावाटे निघून जाईल."

दर थांब्यावर तुझा राउंड असे. जहाजावर जसा इंजिनांभोवती घालायचास, तसाच खाली उतरून कॅराव्हॅनभोवती. प्रत्येक चाकाच्या मध्यावर हाताची उलटी बाजू टेकवायची. "बेअरिंग तापलं की हाताला आधी कळतं, मीटरला मागून." मीही तुझ्या पाठोपाठ फिरून हात टेकवायचे. "चटका बसला?" "नाही." "मग चला, चीफ." जहाजावर चीफ इंजिनियर तू, पण मला चीफ म्हणणारा तू एकटाच होतास. त्या माळावरची ती ऊन खात घातलेली प्रदक्षिणा, मुकुंद, मला देवळातल्या कुठल्याही प्रदक्षिणेपेक्षा खरी वाटते. एवढं तरी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण सामान. सगळं त्या सामानापाशी येऊन थांबतं.

पर्थला कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्या यार्डातल्या माणसाने आपल्याला नीट समजावलं होतं. जड सामान मध्ये, चाकांच्या वर, थोडं पुढेच. मागच्या टोकाला जड काही नको. आणि मागची खोली झोके घ्यायला लागली तर मोटारीचा ब्रेक दाबायचा नाही. डॅशबोर्डवरचं हे बटण दाबायचं, त्याने फक्त कॅराव्हॅनची चाकं धरली जातात. तू मान डोलावलीस. मग तो गेला आणि तू तांदळाची गोणी, पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, कुकर, सगळं उचलून मागच्या टोकाला रचलंस.

मी ड्रॉवरमधली पुस्तिका वाचत होते. म्हटलं, "मुकुंद, यातही तेच लिहिलंय. मागे वजन नको."

"अगं, जहाज नेहमी मागे थोडं बसलेलं असावं. पंखा पाण्यात नीट बुडतो, सुकाणू ऐकतं. पुढे बसलेलं जहाज म्हणजे रेडा. वळता वळत नाही."

"याला पंखा कुठेय?"

"तुला ना, छापलेलं सगळं खरं वाटतं."

"तुला छापलेलं काहीच खरं वाटत नाही."

तू हसलास, आणि रेवाला व्हिडिओ कॉल लावलास. मागचं दार उघडून तिला तुझी रचना दाखवलीस. "बघ, बापाने कसं ट्रिम केलंय! याला म्हणतात लोडिंग." तिने त्याचा फोटो काढून ठेवला. तू तिला तो काढायला लावलास.

अशी चूक फक्त जहाजावरचा माणूसच करू शकतो. कुठल्याही ट्रकवाल्याने ती केली नसती. तू काही अडाणीपणाने चुकला नव्हतास, मुकुंद. आयुष्यभर जे खरं ठरलं, तेच तू रस्त्यावर घेऊन आलास, आणि रस्त्याला ते मान्य नव्हतं. मी तुला असं कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. त्याने तुला थोडं हलकं वाटलं असतं.

ती दुपार अशी. वारा बाजूने येत होता. मी वाचत होते. मागून तीन डब्यांचा तो लांबलचक ट्रक आला आणि आपल्याला ओलांडून पुढे जायला लागला. तो शेजारून जाताना हवेने आपल्याला आधी बाहेर ढकललं, मग आत ओढलं. मी वाक्याच्या मध्यावर थांबले, कारण आरशात आपली खोली दिसत होती. मग ती आरशातून गेली. दुसऱ्या बाजूच्या आरशात आली. पुन्हा गेली. मोटारीची मागची चाकं जमिनीला धरून नाहीत असं वाटायला लागलं. तू मोटारीचा ब्रेक दाबलास. झोके वाढले. मी काहीतरी ओरडले. 'बटण' म्हणाले की 'मुकुंद' म्हणाले, मला आजही माहीत नाही. तू बटण दाबलंस. खोलीने आपल्याला मागून धरल्यासारखं केलं, एक शेवटचा झोका दिला आणि आपण खडीवर जाऊन थांबलो.

तू इंजिन बंद केलंस. माश्यांची भुणभुण तेवढी ऐकू येत होती.

तू उतरलास आणि सवयीने राउंड घातलास. प्रत्येक चाकाला हात लावलास. मग खोलीच्या पायरीवर बसलास. मी पाण्याची बाटली दिली. तुला झाकण उघडता येईना. ज्या हातांनी तू वादळात इंजिनं उघडून जोडलीस, त्यांना ते प्लास्टिकचं झाकण फिरवता येत नव्हतं. मी उघडून दिली. तू प्यायलास, तोंड पुसलंस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "रेवाला सांगू नकोस."

"बरं."

"कधीच."

"नाही सांगणार."

मग आपण दोघांनी मिळून सगळं सामान मागून मध्ये आणलं. गोणी तू उचललीस, कॅन मी ओढले. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य मी गिळलं. तू मात्र ते ऐकल्यासारखाच वागलास दिवसभर. पुढच्या पेट्रोलपंपाच्या रोडहाऊसवर रेंज मिळाली तेव्हा रेवाला म्हणालास, "एकदम झकास! रस्ता म्हणजे लोणी." मी शेजारी उभी राहून मान डोलावली.

त्या दिवसानंतर मी गाडीत वाचलं नाही. तू कारण विचारलं नाहीस. मी आरशाकडे बघत बसायचे आणि मी आरशाकडे बघते आहे हे तू बघायचास.

परतल्यावर एकदा मी तुझ्या ऑफिसच्या खालच्या फूडकोर्टात जेवायला आले होते, आठवतं? तू फोनवर होतास. कुठल्याशा जहाजाच्या इंजिनियरला झापत होतास. तिथे काहीतरी थोडक्यात टळलं होतं आणि त्यांनी ते कळवलं नव्हतं. "ग़लती हुई, उसका ग़ुस्सा नहीं है मुझे. छुपाई, उसका है. आप बच गए, ठीक. कल दूसरे जहाज़ पे वही होगा और कोई मरेगा, तब बताओगे?" तू फोन ठेवलास. रागाने तुझं नाक लाल झालं होतं. तोच लाल नाकाचा माणूस मला आवडला होता, लग्नाआधी.

मी म्हटलं, "आणि आपलं?"

"आपलं काय?"

"आपणही थोडक्यात वाचलो की."

तू चमचा खाली ठेवलास. "ती जहाजावरची गोष्ट झाली, मेधा. ही घरातली."

"घर काय बुडत नाही?"

"मुलीला बापाचा एक भरवसा असतो. तो आपण मोडायचा नसतो."

"आणि भरवसा चुकीचा असला तर?"

तू कॉफीच्या कपाकडे बोट दाखवलंस. "कोपी गार होतेय तुझी."

वाद तिथेच राहिला. मी तो पुन्हा काढला नाही. मला वाटलं, कशाला? कोण जातंय पुन्हा त्या माळावर?

रेवा निघाली. या वर्षीच्या सुरुवातीलाच तिने ठरवलं, डिसेंबरच्या सुटीत इराला घेऊन तोच प्रवास करायचा. तू लगेच म्हणालास, "मी येतो." मला फार बरं वाटलं होतं, तू असलास म्हणजे सामान नीट लागणार. मग गणपती उठले आणि आठवड्याभरात तू गेलास. ते सगळं मी इथे लिहीत नाही. ते लिहिण्याइतकी मी अजून त्याच्यापासून लांब आलेले नाही.

मला वाटलं, रेवा आता बेत रद्द करेल. उलट ती हट्टाला पेटली. "बाबांसाठी जायचंय." दिवस झाल्यानंतर तिने मला पुंगोलला, तिच्या घरी, बोलावलं. हॉलभर सामान पसरलेलं. खिडकीखालून एलआरटीची छोटी आगगाडी जात होती आणि इरा प्रत्येक गाडीला हात हलवत होती. रेवाने फोन माझ्यापुढे धरला. तोच फोटो. उघडं दार, मागच्या टोकाला रचलेली गोणी, कॅन, पेटी, आणि कोपऱ्यात तुझा अर्धा चेहरा.

"आई, बघ, बाबांची सिस्टीम. आपण अगदी अश्शीच लावायची. सौरभ म्हणतोय यूट्यूबवर वेगळं दाखवतात. मी म्हटलं, बाबांपेक्षा यूट्यूबला जास्त कळतं का?"

सौरभ माझ्याकडे बघून हसला, जावई हसतात तसं.

मुकुंद, मला वाटलं होतं मला विचार करायला वेळ मिळेल. मिळाला नाही. इरा तिथे जमिनीवर बसून तिच्या टेडीला पट्टा बांधत होती. मी म्हटलं, "रेवा, तसं लावू नकोस. बाबांची त्यात चूक झाली होती."

"म्हणजे?"

मी सांगितलं. ट्रक, आरसा, ब्रेक, बटण. सलग सांगता आलं नाही, मागेपुढे झालं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू गाडी चालवत नाहीस. थोडी हलली असेल. तुला तेवढंच केवढं वाटलं असेल."

"बाबांना बाटलीचं झाकण उघडत नव्हतं, रेवा."

 तिला ते दिसलं असावं. तिचे हात तुझ्यासारखेच आहेत, रुंद, आखूड बोटांचे. तिने ते मांडीखाली घातले.

मग ती चिडली. मला वाटलं होतं, तुझ्यावर चिडेल. ती माझ्यावर चिडली. "आणि हे आत्ता सांगतेस? ते गेल्यावर? मी त्यांना विचारूसुद्धा शकत नाही आता, की असं झालं होतं का! तीन वर्षं तुम्ही दोघं मला काय सांगत होतात? रस्ता म्हणजे लोणी?"

"बाबांनी शब्द घेतला होता."

"मग पाळायचा होतास!" आणि लगेच म्हणाली, "नाही. तेव्हाच मोडायचा होतास."

इरा उठून माझ्याजवळ आली, गालाला हात लावून इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, डोन्ट क्राय लाह. आजोबा स्कोल्ड यू?"

"नाही गं," मी म्हटलं. खरं तर तेच हवं होतं मला, कुणीतरी आजोबांना हाक मारावी आणि त्यांनी येऊन मला रागवावं.

रेवा म्हणाली, "आई, तू आता घरी जा. प्लीज." पुंगोलहून क्लेमेंटी म्हणजे बेटाचं एक टोक ते जवळजवळ दुसरं. एमआरटीच्या गाडीत मी सगळा वेळ विचार करत होते, की मी तुझ्या मुलीपासून तुला काढून घेतलं का. तू गेलास ते एकदा. आता मी दुसऱ्यांदा.

त्यानंतर तिने फोन केला नाही. सौरभ करायचा. "आई, जेवलात का? ती ठीक आहे. कामात आहे." एअरपोर्टला मी गेले. रेवाने मला मिठी मारली, पण खांदे ताठ होते. "पोचल्यावर कळवते." सामानाबद्दल मी विचारलं नाही. विचारणार होते, तिच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. त्यामुळे तिने माझं खरं धरलं की त्या फोटोतलं, हे मला आजही माहीत नाही. ती तुझी मुलगी आहे. यार्डातला माणूस तिलाही सगळं सांगेल. तीही मान डोलावेल. आणि तो गेल्यावर काय करेल?

काल दुपारभर मी एक्सप्रेसवेवरच्या पादचारी पुलावर कठड्याशी वाकून उभी होते. भाजी आणायला निघाले होते. खालून बंदराकडे जाणारे ट्रेलर जात होते, कंटेनर लादलेले, एकामागून एक. मी प्रत्येकाची शेपूट बघत होते, हलते का. एक बाई छत्री मिटून शेजारी थांबली आणि मँडरिनमध्ये काही म्हणाली. मला समजलं नाही, तिलाही ते कळलं. मग तिने माझ्या कोपराला हात लावला आणि पलीकडच्या जिन्यापर्यंत माझ्यासोबत चालली. ती काय समजली असेल, ते मला नंतर घरी आल्यावर सुचलं. मला हसू आलं. तुला सांगावंसं वाटलं.

आज सकाळी मी स्वयंपाक केला नाही. वाचायला घेतलं, एकाच पानावर राहिले. तुझ्यावर फार रागावले. तुला वाटायचं, घाबरलेला इंजिनियर दिसला की सगळी इंजिनरूम घाबरते, म्हणून चेहरा कोरडा ठेवायचा. जहाजावर ते बरोबर असेल. पण आपल्या घरात त्यामुळे भीती फक्त माझ्याकडे आली. मी घाबरट, तू धीट, आणि रेवाने दोघांतून तुला निवडलं. कुणीही तेच केलं असतं. मग ती गाडी चालवायला शिकली तेव्हा, पूल ओलांडून मलेशियाला पहिल्यांदा एकटी घेऊन गेली तेव्हा, तिला धडकी भरली असेल तर ती कुणाकडे गेली असेल? तुझ्याकडे भीतीचा विषय निघत नसे. माझ्याकडे येणं म्हणजे माझ्यासारखं होणं.

इथपर्यंत लिहून झालं आणि फोन वाजला, म्हणून मध्ये जागा सुटली आहे.

रेवाचा व्हिडिओ कॉल. मागे रोडहाऊसचा पेट्रोलपंप, वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते. तोंडावर धूळ. मी पहिलं काय बघितलं असेल? तिच्या मागे इरा दिसते का. दिसली, आइस्क्रीम खात होती.

"आई, ऐकू येतंय? आम्ही नीट आहोत. सामान मध्ये लावलंय. पर्थलाच लावलं. तुला कळवायचं राहिलं... राहिलं नाही, मुद्दाम नाही कळवलं. सॉरी."

मी नुसती मान हलवली. 

"काल वारा सुटला गं. एक ट्रक आला मोठा. काही झालं नाही, थोडीशीच हलली. पण मी गाडी कडेला घेतली आणि सौरभला म्हटलं, मला भीती वाटतेय, तू चालव."

"मग?"

"मग काय? त्याने चालवली. मी मागे इराशेजारी बसले." ती हसली. "मला वाटायचं, आपल्या घरात मी एकटीच अशी. बाबांसारखं दिसायचं आणि आतून... जाऊ दे."

मुकुंद, 'मला भीती वाटतेय, तू चालव.' मी हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकलं नाही, आणि तुला म्हणायची वेळ आली तेव्हा मला चालवता येत नव्हतं.

फोन ठेवायच्या आधी तिने तोंडावरचे केस मागे सारले. मग म्हणाली, "आई, बाबा येणार होते ना, तेव्हा मला म्हणाले होते, सामानाला तू हात लावायचा नाहीस, मी लावीन. मी चिडले होते. म्हटलं, इथेही चीफगिरी! आता वाटतं... ते मला सांगणार होते का गं? तिथे गेल्यावर?"

मी एक क्षणही थांबले नाही. "सांगणार होते," मी म्हटलं. "त्यासाठीच तर येणार होते."

तिने डोळे पुसले आणि मग रेंज गेली.

तू तिला खरंच सांगणार होतास, की नुसतंच गुपचूप सामान नीट लावून पुन्हा "रस्ता म्हणजे लोणी" म्हणणार होतास, मला माहीत नाही. मी तुला ओळखते, आणि मला दोन्ही शक्य वाटतं. पण तिला मी जे सांगितलं ते तुझ्या वतीने सांगितलं आहे, आणि नाही म्हणायला तू इथे नाहीस. उद्या त्यांना पुन्हा तसाच रस्ता आहे. मी फोन जवळ घेऊन बसले आहे.